तिसरी हाक आली नाही

सायकल माझ्या आयुष्यात नणंदेमुळे आली. ती धुळ्याला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते आणि ती मला वहिनी. मी जळगावला नवऱ्याबरोबर औषधांचं दुकान बघते. वर्षानुवर्षं काउंटरमागे उभं राहून गुडघे धरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं. त्यांच्या मनात घरात एका जागी उभी असणारी व्यायामाची सायकल असावी. ताईने मला जाड टायरची, गियरची सायकल घ्यायला लावली आणि रविवारी सोनगीरला ये म्हणाली.

तेव्हापासून बहुतेक रविवारी तसंच होऊ लागलं. मी पहाटे गाडीच्या मागे सायकल बांधून धरणगाव, अमळनेर करत निघायची आणि ती धुळ्याहून यायची. किल्ल्याच्या पायथ्याशी गाड्या लावून, हेल्मेट घालून आम्ही सायकली काढायचो. चहाच्या टपरीवरची माणसं पहिल्या पहिल्यांदा बघत राहायची. हेल्मेट, गॉगल, लांब बाह्यांचे शर्ट, त्यामुळे आम्ही बाया आहोत हे लांबून कुणाला कळायचंच नाही. वाटेवरची पोरं "ओ भाऊ, एक चक्कर द्या ना" म्हणून मागे पळायची. ताई हेल्मेट काढायची, मग ती पोरं लाजून उभी राहायची.

हायवे ओलांडून आत शिरलं की थोड्याच वेळात ट्रकांचा आवाज सुटतो. पुढे सगळ्या बुटक्या टेकड्या. एक चढायची, उतरायची, की समोर तशीच दुसरी. खोलगट भागात काळी जमीन आणि कपाशी, वर मुरूम आणि वाळलेलं गवत. वाट म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. ताईने हा रस्ता मोबाइलच्या नकाशावर तुटक रेघेसारखा बघून शोधला होता. आमच्या सगळ्या रस्त्यांमध्ये तो तिला फार आवडायचा. मला तो आवडायचा, पण तिथे मी कधी मोकळी झाले नाही, हेही खरं.

कारण सांगायला गेलं तर काहीच नाही. टेकड्या एकसारख्या होत्या, एवढंच. उतारावरून खाली यावं, नाला ओलांडावा, चढ चढून वर यावं आणि समोर पुन्हा तोच उतार, तोच नाला, तोच एकटा पळस. आपण पुढे आलो की जागीच आहोत हे कळायचं नाही. मी रावेरकडची. आमच्याकडे केळीच्या बागा, पाट, सतत कुठे ना कुठे मोटार चालू, सतत माणसं. इथे एवढी जमीन उघडी पडलेली असून माणूस दिसायचा नाही. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले, म्हणजे कुणीतरी येऊन गेलेलं असायचं. आमच्या वेळेला मात्र कधी कुणी नसायचं. बोललं तर आवाज फार मोठा वाटायचा, म्हणून आम्ही त्या पट्ट्यात आपोआप गप्प व्हायचो. ती मागे, मी पुढे.

एका नाल्याकाठी शेंदूर लावलेले दगड होते. ताई तिथे हात कपाळाला लावायची. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, आसरा. पाण्याच्या बाया. नाले, विहिरी, डोह, जिथे पाणी तिथे त्या. तिचं बालपण धुळ्याकडच्याच एका खेड्यात गेलेलं. खेळाची शिक्षिका असली, मुलांना आहार आणि नाडीचे ठोके शिकवत असली, तरी लहानपणी कानावर पडलेलं तिने कधी टाकून दिलं नव्हतं. त्यातलंच एक तिने मला त्या वाटेवर सांगितलं होतं. भर दुपारी रानात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतोच. माणूस नसेल तर त्याला तिसरी हाक मारता येत नाही.

मी हसले होते. तीही हसली होती.

त्या रविवारी आम्ही वेळेवर निघालो, पण हायवे सोडल्यावर लगेच माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. ट्यूब बदलली, थोडं पुढे गेलो आणि तीही बसली. मग टायरच्या आतून हात फिरवून बघितलं तर काट्याचं टोक आतच राहिलं होतं. ते नखाने निघेना. या सगळ्यात सकाळ गेली. होळी जवळ आलेली, ऊन तापायला लागलेलं. ताई म्हणाली, आता मागे फिरू. मीच म्हटलं की अर्ध्यापर्यंत आलोय, पुढून निघालो काय आणि मागून काय, सारखंच. म्हणून डोकं तापवणाऱ्या उन्हात आम्ही त्या टेकड्यांमध्ये शिरलो. त्या वेळेला आम्ही तिथे याआधी कधीच नव्हतो.

सावली पायाखाली गेली होती. वारा पूर्ण पडलेला. गवताची काडी हलत नव्हती. सायकलचा आवाज तेवढा, टायरखाली मुरूम चिरडल्याचा, आणि उतारावर पायडल थांबवलं की मागच्या चाकातून येणारी टकटक. पाखरूही नव्हतं. पळस लाल फुलला होता, एरवी त्याच्यावर मैनांचा गोंधळ असतो, तोही नव्हता. आम्ही एक शब्द बोलत नव्हतो.

एका चढावर मी जोर लावून पायडल मारत होते, तेव्हा हाक आली.

"ओ अक्का."

मी ब्रेक दाबला आणि पाय टेकला. आवाज पुरुषाचा होता, जड, छातीतून आलेला, जरा ओढलेला. डावीकडून खालून आल्यासारखा वाटला. मी मागे वळून बघितलं. ताईही थांबली होती. तिने ऐकलं का हे मला विचारावंच लागलं नाही. तिचा चेहरा उतरला होता आणि ती माझ्याकडे बघून हळूहळू मान हलवत होती. नाही. ओ देऊ नकोस.

आम्ही तशाच उभ्या राहिलो. घाम डोळ्यात जात होता, पण मी पुसला नाही.

"ओ अक्का."

दुसरी हाक पहिलीपेक्षा बारीक होती. जवळ नाही, लांब नाही. मी चारी बाजूंना पाहिलं. सगळं उघडं होतं. माणूस उभा असता तर दिसलाच असता. तेव्हा माझ्या मनात आलेली गोष्ट आजही आठवली की अंगावर काटा येतो. या रस्त्यावर आम्हाला बघून आजवर प्रत्येकाने भाऊ म्हटलं होतं. आम्ही बोलत नव्हतो. हेल्मेट डोक्यावर होतं. ज्याने हाक मारली त्याला आम्ही बाया आहोत हे कळलं कसं?

आम्ही तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. किती वेळ पाहिली हे मला सांगता येणार नाही. मला कानात माझं रक्त ऐकू येत होतं. तिसरी हाक आली नाही.

ताई दबक्या आवाजात म्हणाली, "चल. बघू नकोस मागे."

मी पायडलवर पाय ठेवला. दोन-चार हात पुढेही गेले. आणि मग मला काउंटरवर येणारी माणसं आठवली. ज्यांना खरंच फार दुखत असतं ती मोठ्याने बोलत नाहीत. चिठ्ठी पुढे करतात आणि गप्प उभी राहतात. मी थांबले.

"ताई, तिसरी हाक मारायला त्याच्यात जीवच उरला नसेल तर?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग सायकल तशीच आडवी टाकली, हेल्मेट काढलं आणि शाळेच्या मैदानावर देते तशी खणखणीत ओ दिली. ती समोरच्या टेकडीवर आपटून परत आली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा ओ दिली. काही नाही.

मी म्हणाले, डावीकडून, खालून. ती म्हणाली, छे, उजवीकडून, मागून. आम्ही आधी तिच्या बाजूला गेलो. तिथे नुसता खडक होता. मग माझ्या बाजूला उतरलो. उतारावर घाणेरीचं दाट झुडूप होतं, आणि त्याच्या अलीकडे एक चप्पल पडलेली. एकच. अंगठा तुटलेली. थोडं पुढे काठी. ताईने माझा दंड धरला आणि मला जागीच रोखलं. झुडपाच्या फांद्या एका ठिकाणी ताज्या मोडलेल्या होत्या आणि त्यांच्या खाली जमीन नव्हती.

विहीर होती. जुनी, सोडून दिलेली, कठडा नसलेली. मुरमात खणलेली आणि वरून घाणेरीने झाकून गेलेली. आम्ही पोटावर पडून पुढे सरकलो आणि खाली पाहिलं. तळाला गढूळ पाणी, आणि पाण्याच्या जरा वर एका कपारीत माणूस. एक पाय विचित्र वळलेला. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं, ओठ फुटलेले. विहिरीतून थंड, कुजकट वास वर येत होता.

ताईने हाका मारल्या. त्याने पापणीही हलवली नाही. मला वाटलं, संपलं. शेवटी तिने एक लहान खडा त्याच्या जवळच्या पाण्यात टाकला. पाणी त्याच्या हातावर उडालं आणि त्याने डोळे उघडले. आम्हाला बघून तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. घशातून नुसता वारा. आम्हाला वाटलं, आता ताकद संपली. होती ती त्या दोन हाकांमध्ये गेली.

मोबाइलला रेंज नव्हती. ताई म्हणाली, मी त्याच्या नजरेसमोर थांबते, त्याला एकटा सोडायचा नाही. तू खाली जा, नाल्याच्या पलीकडे वस्ती आहे. तिने आपल्या जवळची पाण्याची बाटली पिशवीतून काढलेल्या ओढणीला बांधून खाली सोडायला सुरुवात केली आणि मी निघाले.

तो उतार मी एरवी ब्रेक धरून उतरायची. त्या दिवशी सायकल सोडून दिली. मागच्या चाकाची टकटक जोरात चालू होती. नाल्यात उतरले, चढ लागला, मी पायडल मारायला लागले. पायडल मारलं की ही टकटक बंद होते, ते चाकच तसं असतं. पण टकटक बंद झाली नाही. माझ्या जरा मागे ती चालूच राहिली. कुणी माझ्यामागे आरामात, पायडल न मारता, चढावरून येत असल्यासारखी. आधी वाटलं, ताईच आली. पण ताई आली नसणार, हे मला माहीत होतं. मी मागे बघितलं नाही. शेंदराचे दगड गेले आणि आवाज थांबला. मी गुडघ्याचं दुखणं विसरून, उभं राहून सायकल मारत वस्तीपर्यंत गेले.

वस्ती म्हणजे थोडीच घरं. एका घरापुढे माणसं जमली होती, पण आवाज नव्हता. बायका ओट्यावर बसून होत्या. मी सायकल टाकली आणि म्हणाले की विहिरीत माणूस आहे, जिवंत आहे. कुठली विहीर, कसा माणूस, असं कुणी विचारलंच नाही. सगळे एकदम उठले. तेव्हा मला कळलं की ते त्याचीच वाट बघत होते. तो आदल्या संध्याकाळी परतला नव्हता. शेळ्या एकट्याच घरी आल्या, त्या दुसऱ्या दिशेने, म्हणून रात्रभर त्यांनी दुसऱ्याच बाजूची टेकडी पालथी घातली होती. त्याचे दोघे भाऊ आणि आणखी काही जण दोर आणि खाट घेऊन ट्रॅक्टरवर चढले. ओट्यावरून एक म्हातारी उठली, पदर खोचला आणि तीही चढली. तिला कुणी नको म्हटलं नाही. ती त्याची आई होती.

त्याला वर काढायला बराच वेळ लागला. थोरला भाऊ दोराने खाली उतरला, त्याने भावाला खाटेला बांधलं आणि वरच्यांनी ओढलं. वर आल्यावर आईने पहिल्यांदा त्याचं तोंड पदराने पुसलं. ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. नुसता हात त्याच्या छातीवर ठेवून त्याच्या डोळ्यांत बघत होती. ट्रॅक्टर हायवेकडे गेला. तिथून अँब्युलन्सने त्याला धुळ्याला नेलं, हे नंतर कळलं.

मागे राहिलेल्यांमध्ये त्याचे काका होते. त्यांना सगळे आबा म्हणत. ते विहिरीजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी शांतपणे विचारलं की ही विहीर आम्हाला गावातल्यांनाही आठवत नाही, तुम्हाला सापडली कशी. मी म्हणाले, त्यांनी हाक मारली ना. दोनदा.

आबांनी आधी माझ्याकडे आणि मग ताईकडे बघितलं.

"तो तं मुका शे, बाई," ते म्हणाले. "जनमना मुका. आयकू बी नही येत त्याले."

मुके लोकही आवाज काढतात. हे मी लगेच म्हणाले. घशातून काहीतरी निघतं, विहीर ते मोठं करते, आपल्या कानाला शब्द वाटतात. आबांनी मान हलवली. त्यांनी तो माणूस जन्मल्यापासून बघितला होता. हसतानाही त्याचा आवाज व्हायचा नाही, असं ते म्हणाले. म्हणूनच रात्री शोधताना त्यांना काही सुचत नव्हतं. हाक मारून उपयोग नाही आणि हाक येण्याची आशा नाही. कंदील आणि बॅटऱ्या घेऊन ते नुसते मुक्याने फिरले होते.

परत जाताना ताईने आणि मी एका रेषेत सायकल चालवली नाही. वाट अरुंद होती, तरी शेजारी शेजारी चालवली.

थोड्या दिवसांनी ताईचा फोन आला. तो दवाखान्यातून घरी आला होता, पायाला प्लास्टर होतं, आणि त्याच्या आईने आम्हाला बोलावलं होतं. आम्ही सायकलींवरच गेलो, सकाळी लवकर. मला वाटलं होतं, आभार मानतील, चहा देतील. चहा दिला. तो ओट्यावर खाटेवर बसला होता. तिशीतला, मोठे शांत डोळे. त्याने आम्हाला ओळखलं आणि हात जोडले. मग त्याची आई माझ्यासमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"काय म्हने तो?" तिने विचारलं.

मी अडखळले. मी तिला सांगायला लागले की विहिरीत आवाज घुमतो, आम्ही उन्हाने थकलेलो होतो, नक्की काय ऐकलं कोण जाणे. तिने माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि पुन्हा तेच विचारलं, काय म्हणाला.

"ओ अक्का," मी सांगितलं.

थोरली सून दारात उभी होती, तिने एकदम तोंडावर पदर घेतला. मी ताईकडे पाहिलं. ताईलाही समजलं नव्हतं. मग म्हातारी म्हणाली, "माले बठ्ठा अक्काच म्हनतस." तिच्या धाकट्या दिरांपासून ते तिच्या स्वतःच्या मुलांपर्यंत सगळे तिला अक्का म्हणत. घरात तिला आई म्हणून हाक मारणारं कुणी नव्हतं. दोघं मुलं तिला लहानपणापासून अक्का म्हणूनच बोलवत आली होती. आणि हा तिसरा, ज्याने तिला कधी काहीच म्हटलं नव्हतं.

गावातल्या बायका म्हणत होत्या, ती आसरांची हाक. त्यांनीच त्याला कपारीत धरून ठेवलं आणि त्यांनीच माणसं बोलावली. त्यांना नारळही फोडून झाला होता. म्हातारीला ते मान्य नव्हतं. नारळ तिने फोडला, पण हाक तिच्या मुलाची होती. तिने माझा हात धरला.

"कसा आवाज व्हता? म्हनी दखाड."

मला फार अवघड वाटलं. आजूबाजूला माणसं जमली होती. तो स्वतः खाटेवर बसून आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. पण ती हात सोडेना. मी डोळे मिटले, तो चढ आठवला आणि छातीतून, जड, जरा ओढून म्हणाले, ओ अक्का. तिने मान एका बाजूला कलती केली होती. विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल आहे ते ऐकावं तशी.

"आखो एकदाव," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हणाले. या वेळी दुसरी हाक, बारीक झालेली.

निघायच्या आधी ताईने थोरल्या सुनेला एक गोष्ट विचारायला लावली. त्या घराच्या स्वतःच्या खुणा होत्या, शाळेतल्या नव्हेत. सुनेने ओठांकडे बोट दाखवलं, विहिरीसारखा हात खोल केला आणि भुवया उंचावल्या. तू ओरडलास का? त्याने लगेच हात हलवला. नाही. मग त्याने पंजा स्वतःच्या छातीवर ठेवला आणि हळूहळू, ताल धरल्यासारखा, थोपटत राहिला, आणि दुसऱ्या हाताने वर दाखवलं. विहिरीच्या तोंडाकडे असावं. सुनेने ते पुन्हा करायला लावलं. त्याने तसंच पुन्हा केलं. शेवटी ती म्हणाली, हे काय सांगतोय ते आम्हालाही समजत नाही, दवाखान्यातही असंच करत होता.

परतीच्या वाटेवर शेंदराच्या दगडांपाशी ताई थांबली. ती पाणी प्यायली, तिने बाटलीचं झाकण लावलं, आणि तेव्हाच मला सांगितलं.

"वहिनी, मी ऐकला तो आवाज बाईचा होता."

मी विचारलं, मग तिथे का बोलली नाहीस. ती म्हणाली, त्या म्हातारीने मला विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी मी तुझाच आवाज सांगितला असता.

त्यानंतर आम्ही त्या घरी बऱ्याचदा गेलो. रस्ता तोच होता, वाटेत पाणी भरायला घर मिळालं होतं. मोठ्या भावांनी विहिरीभोवती दगड रचून कठडा केला आणि घाणेरी छाटून टाकली. आम्ही भर दुपारी मात्र पुन्हा तिथे गेलो नाही. दर वेळी म्हातारी आम्हाला भाकरी आणि ठेचा द्यायची, आणि सगळ्यांची पाठ वळली की माझ्याजवळ येऊन बसायची. काय हवंय ते मला माहीत असायचं. मी म्हणायची. ती ऐकायची. कधी म्हणायची, मागच्या वेळी असं नव्हतं, जरा ओढलेलं होतं. मग मी ओढून म्हणायची.

त्यातून एक गोष्ट झाली, जी मी तिला कधी सांगू शकले नाही. हळूहळू मूळ आवाज माझ्या डोक्यातून गेला. आता मी तो चढ आठवते, तो पळस, ताईचा उतरलेला चेहरा, सगळं येतं, पण हाकेच्या जागी माझाच आवाज येतो, जड केलेला. खरा कसा होता ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी तो माझ्याकडे ठेवायला दिला होता आणि मी वापरून वापरून तो झिजवला. ताईला मी हे बोलले, तेव्हा ती म्हणाली, तिच्याकडचा अजून जसाच्या तसा आहे आणि तो जावा असं तिला फार वाटतं. शाळेत पोरं मैदानावर ओरडत असताना मधूनच तो येतो, असं ती म्हणाली. मी जास्त विचारलं नाही.

एकदा पावसाळ्यानंतर, कपाशीला बोंडं धरली होती तेव्हा, आम्ही वस्तीच्या मागच्या बाजूने उतरत होतो. घर अजून दिसत नव्हतं. आणि टेकडीच्या आडून ती हाक आली. ओ अक्का. तीच, पुरुषाची, जड, ओढलेली. ताईने ब्रेक इतका जोरात दाबला की सायकल घसरली. मी उतरून सायकल ढकलत पुढे गेले. मग वळण संपलं आणि अंगण दिसलं. म्हातारी एकटीच ओट्यावर बसून शेंगा निवडत होती आणि स्वतःशीच, स्वतःच्या आवाजात नव्हे, पुन्हा पुन्हा ती हाक मारत होती. आम्हाला बघून ती थांबली. लाजली नाही. या, बसा, म्हणाली.

त्या दिवशी तिने मला म्हणायला सांगितलं नाही. त्यानंतरही कधीच नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा तो पायावर चांगला चालत होता, जरासा लंगडत. माझी सायकल भिंतीला टेकवली होती. तो तिच्याभोवती फिरला, गियरच्या तारेला हात लावला, सीट दाबून पाहिली, मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी घे म्हणून खूण केली. सीट त्याच्यासाठी खाली होती, गुडघे बाहेर काढून तो बसला आणि अंगणातून थेट उतारावर निघाला. आई ओट्यावरून ओरडत राहिली, हळू, खड्डा आहे, पाय सांभाळ. ओरडून काही उपयोग नव्हता आणि ते तिला आमच्याहून जास्त माहीत होतं, तरी ती ओरडत राहिली. तो नाल्यापर्यंत गेला, दिसेनासा झाला, आणि बऱ्याच वेळाने सायकल हाताने ढकलत वर आला. चेन उतरली होती. ती बसवायच्या नादात दोन्ही हात काळे झाले होते आणि ते त्याने नव्या पॅन्टला पुसले होते. आईने पॅन्टकडे बोट दाखवून कपाळावर हात मारला. तो खांदे हलवून हसत होता, आणि ताई खाली बसून चेन चढवायला लागली होती.